मुरमाची वाट

मनुष्यस्वभाव मोठा विलक्षण आहे. जी अडचण एकदाची दूर व्हावी म्हणून आमच्या वाडवडिलांनी अर्जविनंत्या केल्या, तीच अडचण आता लोक पदरचे पैसे खर्चून शोधीत फिरू लागले आहेत. डांबरी सडक सोडून मुद्दाम खडीमुरमाच्या वाटेने सायकल हाकण्याचा एक स्वतंत्र खेळच अलीकडे निर्माण झाला आहे. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात २००६ साली अशा वाटांवरील लांब पल्ल्याची एक शर्यत सुरू झाली, आणि २०२२ साली इटलीच्या व्हेनेतो प्रांतात या खेळाची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. तिचाही बराचसा मार्ग नदीकाठच्या सपाट मैदानातूनच होता.

या खेळास तिकडे ‘ग्रॅव्हल’ असे नाव आहे. उभा जन्म संस्कृत शिकविण्यात गेल्यामुळे शब्द पुढे आला की त्याचे भाषांतर करून पाहण्याची आम्हांस खोड आहे. खड्यांच्या रेवेस संस्कृतात ‘शर्करा’ म्हणतात. उसाच्या रसाचे खडे करण्याची विद्या साधली, तेव्हा त्या खड्यांसही तेच नाव मिळाले आणि त्यातूनच आपली साखर जन्मास आली. ‘खडीसाखर’ या शब्दात तर खडा दोनदा आला आहे! आमच्या येरमाळ्याच्या लोकांना मात्र खड्याची थोरवी व्युत्पत्तीवाचूनही ठाऊक आहे. चैत्री पौर्णिमेच्या येडेश्वरीच्या यात्रेत लक्षावधी भाविक रानात चुनखडीचे खडे श्रद्धेने वेचतात.

आमचे गाव बालाघाटाच्या माथ्यावर आहे. माथ्यावरची जमीन मुरमाड. काळा खडक झिजून, कुजून झालेला हा तांबूस मुरूम पाणी धरून ठेवीत नाही. ईशान्येस कळंबकडे निघावे, तो जमीन हलके हलके उतरत जाते, मातीचा रंग काळवंडतो आणि पाहता पाहता आपण मांजरेच्या सपाट खोऱ्यात येतो. येथील काळी माती कसदार खरी, पण पाणी प्याली की फुगते आणि उन्हात भेगाळते. तिच्यावर पावसाळ्यात चाक चालत नाही. मातीचा राप चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये असा बसतो की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. मग कोण कोणाचे वाहन, हा प्रश्नच उरतो.

हे दुखणे आजचे नव्हे. तेरणेच्या काठचे तेर हे आमच्याच जिल्ह्यातले प्राचीन ‘तगर’. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ नामक ग्रीक प्रवासग्रंथात नोंद आहे की, तगराचे कापड गाड्यांत घालून, रस्ते नसलेल्या विस्तीर्ण मुलखातून भडोचच्या बंदरास नेत असत. म्हणजे व्यापार होता, कारागिरी होती, कीर्तीही होती. नव्हती ती वाट.

गेल्या मार्गशीर्षात आमचा पुतण्या पुण्याहून आपली नवी सायकल मोटारीस बांधून घेऊन आला. मेंढ्याच्या शिंगांप्रमाणे खाली वळलेले हँडल, दहा किलोंच्या आत वजन आणि रुंद टायर. “काका, हा टायर चाळीस मिलिमीटरचा आहे. मुरमावर अरुंद टायर चालत नाही,” असे त्याने आम्हांस कौतुकाने समजाविले. आम्ही त्यास पडवीत नेले आणि तेथे उभ्या असलेल्या आमच्या जुन्या काळ्या सायकलीच्या टायरवरील अक्षरे वाचावयास सांगितली. तेथे ‘२८ × १½’ असे होते. दीड इंच म्हणजे सुमारे अडतीस मिलिमीटर! ज्या रुंदीचा शोध लावण्यास शर्यतवाल्यांना इतकी वर्षे लागली, त्याच रुंदीवर खेड्यांतले मास्तर, पोस्टमन आणि दूधवाले हयातभर फिरत आले आहेत. यात गूढ काही नाही. कडक, अरुंद टायर प्रत्येक खड्यावर उडतो आणि स्वाराचे बळ त्यास वर उचलण्यात वाया जाते. रुंद आणि किंचित मऊ टायर खडा पोटात घेऊन पुढे सरकतो. थोर माणसे अपशब्द गिळतात, तसेच हे.

साठी उलटलेल्या माणसाने असले थेर करू नयेत, असा आमच्या कुटुंबाचा स्पष्ट अभिप्राय पडला. तथापि पुतण्याच्या भिडेस्तव तिने दशम्या बांधून दिल्या, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही काका-पुतणे निघालो. चौपदरी महामार्ग मागे टाकला आणि शिवारातील वाटांनी मांजरेकडे उतरलो.

सपाट मुलखात सायकल सोपी, हा शहरी गैरसमज आहे. घाटात चढाचे कष्ट उतारावर फिटतात. येथे उतारच नाही, म्हणून पायांना सुटी नाही. येथला डोंगर म्हणजे समोरचा वारा. तो दिसत नाही, आणि त्याचा माथाही कधी येत नाही. शिवाय गाडीवाटेवर ‘चाकोरी’ या शब्दाचा मूळ अर्थ हाडांना कळतो. चाकोरी सोडा, असा उपदेश व्यासपीठावरून देणाऱ्यांनी एकदा बैलगाडीच्या दोन चाकोऱ्यांमधील उंचवट्यावरून सायकल चालवून पाहावी. परंतु त्याच वाटेवर जमीन वाचता येते. चाकाखालचा आवाज करकर आला की मुरूम, मऊ पडला की काळी. बाजूस तूर आणि शाळू डोलत असतात. महामार्गावर सारी गावे पाटीपुरतीच उरतात.

नदीकाठी बसून आम्ही पुतण्यास सांगितले की, ही मांजरा ७२४ किलोमीटर वाहून कंदकुर्तीपाशी गोदावरीस मिळते, आणि गोदावरी राजमहेंद्रीच्या खाली अनेक मुखांनी समुद्रास मिळताना मोठा त्रिभुजप्रदेश घडविते. तो सपाट, सुपीक प्रदेश म्हणजे अशा हजारो शिवारांतून वाहून गेलेली माती. आमची काळी पावसात आमच्या चाकांना सोडीत नाही, पण नदीसंगे मात्र निमूटपणे परमुलखास जाते.

परतताना आम्ही मुद्दाम एका पाणंदीने आलो. त्यास कारण होते. नोकरीच्या काळात या पाणंदीच्या टोकाच्या वस्तीवरून एक मुलगी चार किलोमीटर चालत आमच्या आठवीच्या वर्गात येत असे. शब्दरूपे तिला एकदा ऐकून पाठ होत. आषाढ लागला की ती गुडघाभर चिखल तुडवून, वहाणा हातात आणि दप्तर डोक्यावर घेऊन, दोन तास उलटल्यावर पोहोचे. एके दिवशी ओढ्याकाठच्या चिखलात ती रुतून बसली, आणि बापाने शाळा बंद केली. आम्ही दोनदा वस्तीवर गेलो. बाप म्हणाला, “गुरुजी, पोरगी शिकंल, पर आधी जगाया पाहिजे.” यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. तिची शाळा सुटली, ती सुटलीच. पुढे चार-पाच वर्षांनी त्याच पाणंदीवर मुरूम पडला. तिची धाकटी बहीण जुन्या सायकलीवरून बारमाही शाळेस आली आणि दहावी उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली. बुद्धी दोघींपाशी सारखीच होती. अंतर पडले ते वीतभर जाडीच्या मुरमाचे.

योगायोगाने ती थोरली त्या दिवशी माहेरी आलेली होती. तिने आम्हांस ओळखले, ताक दिले, आणि पुतण्याच्या सायकलीकडे पाहत किंमत विचारली. त्याने भीत भीत सांगितली. ती क्षणभर गप्प राहिली. मग रागाचा लवलेशही न दाखविता म्हणाली, “एवढ्या पैशात निम्म्या पाणंदीला मुरूम पडला असता की, तवा.” पुतण्या घरी येईतो फारसे बोलला नाही.

त्याच्या छंदास आमचा विरोध नाही. दमड्या त्याच्या, दम त्याचा. आणि मोबाइलात मान घालून बसण्यापेक्षा हे शतपटीने बरे. परंतु कच्ची वाट रम्य आहे, ती तशीच राहू द्यावी, असे कोणी म्हणू लागला की आम्ही त्यास ती वाट आषाढात दाखवू इच्छितो. राज्यात निवडक तालुक्यांतून मानव विकास कार्यक्रमाखाली शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी साहाय्य मिळते. पाणंद रस्त्यांसाठी २०२१ साली मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आली. या दोन गोष्टी एकमेकींस भेटल्या पाहिजेत. वाट नसलेली सायकल ओसरीत गंजते.

सुज्ञ वाचकांपैकी पुष्कळांची गावाकडे अद्याप शेती असेल, बांधास लागून पाणंद असेल. ती रुंद करण्यासाठी हातभर जमीन सोडण्याचा प्रसंग आला, तर कोर्टाची पायरी चढण्यापूर्वी त्या वाटेने कोण शाळेत जाते एवढे विचारून पाहावे. श्रावणाच्या झडीतही आठवीतील मुलगी कोरड्या दप्तरानिशी वर्गात पोहोचते, ती वाट चांगली. आमच्यापाशी रस्त्याची याहून दुसरी कसोटी नाही.