बंद

आमच्या घरच्या माळ्यावर आजोबांच्या वेळच्या कागदपत्रांचा एक रुमाल होता, आणि लहानपणी एका दुपारी तो खाली उतरवून त्याची गाठ मी दातांनी सोडवू लागलो असता वडील शांतपणे म्हणाले, "आधी बंद सोड." बंद म्हणजे रुमालाभोवती गुंडाळलेली दोरी, हे मला तेव्हा कळले, पण आतून निघालेल्या मोडीतल्या लांबट पट्टीलाही त्यांनी 'बंद'च म्हटले, आणि थोड्या वेळाने आई खालून "दार बंद कर रे" म्हणाली, तेव्हा या दोन अक्षरांच्या शब्दाने माझ्या मनात जे ठाण मांडले ते आजतागायत.

संस्कृतातला 'बन्ध्' आणि फारसीतला 'बस्तन्' हे एकाच पूर्वजाचे वंशज, आणि त्या पूर्वजाच्या आरंभी 'भ' होता. एका शब्दात लागोपाठ दोन महाप्राण संस्कृतास सोसत नसल्यामुळे त्याने पहिल्याचा श्वास काढून घेतला, हा नियम हेर्मान ग्रासमान या जर्मन शाळामास्तराने १८६३ साली मांडला. हा गृहस्थ मूळचा गणिती. त्याच्या गणिताची कदर वेळेवर झाली नाही, म्हणून त्याने ऋग्वेदाचा कोश सिद्ध केला! फारसीने तर महाप्राण सरसकटच टाकले, भ्रात्याचा बिरादर केला. त्यामुळे विभक्त झालेली ही दोन भावंडे पुन्हा दख्खनच्या मातीत भेटली तेव्हा त्यांची तोंडावळ एकसारखीच होती. आपण मात्र दोघांना निरनिराळी कामे नेमून दिली: शेताला बांध संस्कृताकडून, अंगरख्याला बंद फारसीकडून.

कारकुनी दप्तराने तर हा शब्द अक्षरशः राबवून घेतला. जमाबंदी, तटबंदी, नालबंदी ही त्याचीच प्रजा; परंतु माझे विशेष प्रेम 'बंदोबस्ता'वर आहे, कारण 'बंद' आणि 'बस्त' ही एकाच क्रियापदाची दोन अंगे असून मध्ये एक 'ओ' घालून ती एकमेकांस जखडली आहेत, म्हणजे शुद्ध मराठीत ज्याला आपण बांधाबांध म्हणतो तीच. त्याच 'बस्त'चा 'बस्ता' होऊन आपण तो लग्नघरी बांधतो.

या शब्दाची एक शाखा मात्र मला अस्वस्थ करते. इ. स. पूर्व ५२०च्या सुमारास कोरलेल्या बेहिस्तूनच्या लेखात दारियस बादशहा आपल्या विजयी सेनापतींचा उल्लेख 'माझा बंदक' असा करतो. बंदक म्हणजे बांधलेला. त्याचाच पुढे 'बंदा' झाला. संस्कृताने त्याच धातूपासून 'बंधु' घडविला, आणि ग्रीकांनी 'पेन्थेरोस', म्हणजे सासरा! दोर एकच, एके ठिकाणी त्याने चाकर बांधला, दुसऱ्या ठिकाणी भाऊ, तिसऱ्या ठिकाणी सासऱ्याशी जावई. जावयाला आपण बंधूंत धरावे की बंद्यांत, याचा निवाडा सासुरवाडीने करावा.

इंग्रजांच्या घरी या धातूची 'बाइंड' ही स्वतःची शाखा होतीच, तरीही हिंदुस्थानात आल्यावर त्यांनी आमचा 'बंद' उचलला. कमरबंद मेजवानीच्या पोशाखात नेला आणि पाण्याच्या बांधाला 'बंड' म्हणू लागले. तो 'बंड' शांघायच्या नदीकाठालाही जाऊन चिकटला. पुण्यात मुळा-मुठेवर सर जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीने बांध झाला व त्याच्या काठी बाग झाली, ती बंडगार्डन. कोणी कोणाविरुद्ध बंड केले असेल या कल्पनेने मी ऐन तारुण्यात त्या बागेत शिलालेख शोधीत हिंडलो आहे. फारसीतून आम्ही घेतलेला शब्द साहेबाच्या तोंडून वेषांतर करून परत आला, आणि आम्ही त्याला ओळखले नाही.

तो रुमाल हल्ली माझ्याकडे आहे. दोरी कुजली म्हणून मी त्याला धाकट्या बहिणीची जुनी वेणीची फीत बांधली आहे.