आंजर्ल्याला आईबरोबर

नाशिककर समुद्रावर जातो तो बहुतेक दोन दिवसांपुरता. शनिवारी पहाटे निघायचं, अलिबाग किंवा दिवेआगर गाठायचं, रविवारी रात्री कसारा घाटात ट्रकांच्या मागे रांगेत उभं राहायचं आणि सोमवारी कामाला लागायचं. माझ्या आणि नवऱ्याच्या सहलीही वर्षानुवर्षं तशाच झाल्या. या वेळी मात्र ठरवलं की एकाच गावात राहायचं, एकाच घरात उतरायचं आणि बघायच्या ठिकाणांची यादी करायची नाही. त्याला कारण होती आई. ती बरोबर येणार होती.

आई निफाड तालुक्यातली. द्राक्षबाग असलेल्या घरात वर्ष कॅलेंडरवर चालत नाही, छाटणीवर चालतं. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, मग फेल काढणं, डिपिंग, थिनिंग आणि पुढे माल जाईपर्यंत जिवाला घोर. मधल्या महिन्यांत कांदा. या सगळ्यात माझ्या आईनं सुट्टी अशी कधी घेतलीच नाही. गाव सोडलं ते लग्नकार्यासाठी, दवाखान्यासाठी, नाहीतर त्र्यंबकच्या निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी. समुद्र तिनं पाहिला होता तो मुंबईला गिरगाव चौपाटीवर, उभ्या उभ्या. यंदा भावाची बाग मार्चच्या सुरुवातीलाच खाली झाली, शिमगाही पार पडला, आणि आई "चल, येते" म्हणाली. ती होकार फिरवायच्या आत मी खोली ठरवून टाकली.

नाशिकहून पुणे, तिथून ताम्हिणी घाट उतरून माणगाव, मग मंडणगडवरून खाली आंजर्ले. दापोली तालुक्यातलं हे गाव. गाडीतून दिवसभराचा रस्ता आहे. ताम्हिणी उतरताना आई एकदाच बोलली. म्हणाली, आपली गोदावरी ब्रह्मगिरीवर उगवते, तिथून हा समुद्र जवळ की गंगासागर? सरळ रेषेत मोजलं तर गोदावरीचा उगम अरबी समुद्रापासून जेमतेम 80 किलोमीटरवर आहे. तरी ती पूर्वेला वळते आणि 1465 किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. आमच्या अंगणातलं पाणी आंध्रात जातं आणि कोकणातला समुद्र आम्हाला परका राहतो, हे तोवर माझ्या मनात आलंच नव्हतं.

आम्ही उतरलो ते घर जुनं, चिऱ्याचं. पुढे सारवलेलं खळं, मग पडवी, ओटी, माजघर आणि मागच्या दाराला लागून वाडी. पोफळी, नारळ, केळी, जायफळाची दोन झाडं, पोफळीवर चढवलेले मिरवेल. वाडीच्या टोकाचं बेडं उघडलं की पाखाडी, तिच्यापुढे सुरूची झाडं, आणि सुरूच्या पलीकडे समुद्र. शिमग्याला आलेले चाकरमानी मुंबई-पुण्याला परतले होते. पालखी देवळात जाऊन बसली होती. गावात माणसं होती ती कायम राहणारी, आणि त्यातलीही बरीचशी साठीच्या पुढची.

पहिल्या संध्याकाळी घरमालक काकांनी आईला समुद्राचं गणित शिकवलं. त्या दिवशी वद्य अष्टमी. "तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं. आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. सहा वाजता पूर्ण भरती. सकाळी तीच, संध्याकाळी तीच. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी." आईनं लगेच दुसऱ्या दिवसाचा हिशेब केला : नवमी, नऊ त्रिक सत्तावीस, पावणेसात. काका खूश. मग त्यांनी पुढचं सांगितलं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. पुनवेला आणि अवसेला उधाण. आई चौथीपर्यंत शिकलेली, पण पंचांग तिच्या हाताखालचं. एकादशी, चतुर्थी, पेरणीचं नक्षत्र, सगळं ती कालनिर्णय बघून सांगते. त्या भिंतीवरच्या कालनिर्णयातून समुद्राची वेळही निघते, याचा तिला इतका आनंद झाला की रोज सकाळी उठल्या उठल्या ती तिथी बघायची आणि आम्हाला सांगायची की आज पाणी कधी भरणार.

आमचे दिवस मग त्याच वेळांनी चालले. ओहोटी असली की ओल्या, टणक वाळूवरून लांबवर चालायचं. भरतीला सुरूच्या सावलीत बसायचं. दुपारी जेवून झोपायचं. काकूंच्या हातचं जेवण म्हणजे तांदळाची भाकरी, ओल्या काजूंची उसळ, केळफुलाची भाजी, कुळथाचं पिठलं, आमसुलाचं सार. एका दुपारी उकडीचे मोदक झाले. आईनं काकूंच्या शेजारी बसून पारी फिरवायचा प्रयत्न केला. पहिल्याला पाच कळ्या आल्या, शेवटच्याला अकरा. एकादशीला आईचा उपास. वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी पानात आली तेव्हा ती म्हणाली, "आज पाणी सव्वाआठला." काकूंनी मान डोलावली, जणू आई त्याच गावात जन्मली होती.

वाडीतली एक सकाळ मला तपशीलवार लिहायची आहे. आमच्या तिथल्या मुक्कामात माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच.

काका वाडीला पाणी लावत होते. आई त्यांच्या मागून पाटाच्या कडेनं चालत होती. शेतकरी माणूस दुसऱ्याच्या रानात शिरला की जसं बघतो तसंच ती बघत होती : माती बोटांनी चुरडून, आळं किती खोल आहे ते वाकून. मध्येच थांबून ती म्हणाली, "ही झाडं सगळी एका वयाची कशी? जुनी कुठं गेली?"

काकांनी फावडं टेकवलं. "निसर्गात गेली."

निसर्ग चक्रीवादळ 3 जून 2020 ला दुपारी रायगडच्या किनाऱ्याला, अलिबागच्या दक्षिणेला, धडकलं. वारा ताशी 100 ते 110 किलोमीटरचा, झोत 120 पर्यंतचे. श्रीवर्धन, दिवेआगर, मंडणगड, दापोली, हा सगळा पट्टा त्यात सापडला. टाळेबंदीचे दिवस, मुलं मुंबईत अडकलेली, घरात ही दोघंच. काका सांगत होते : आधी कौलं गेली. मग वाडीतून आवाज यायला लागले. पोफळी म्हणजे उंच आणि बारीक झाड, एक मोडली की शेजारचीला घेऊन खाली येते. नारळ मुळासकट उपटले. संध्याकाळी वारा पडला तेव्हा मागचं दार उघडलं आणि समोर थेट समुद्र दिसला. जन्मापासून त्या दारातून समुद्र कधी दिसला नव्हता, मध्ये वाडी होती. कित्येक दिवस वीज नव्हती, वाट मोकळी करायलाच आठवडा गेला. भरपाई आधी हेक्टरी 50,000 रुपये जाहीर झाली. इथल्या वाड्या गुंठ्यांत मोजतात. पाच-दहा गुंठ्यांच्या वाडीला त्या हिशेबानं काय मिळणार? पुढे झाडामागे मदत द्यायचं ठरलं.

आई ऐकत होती. मग ती म्हणाली, "त्या रात्री आमच्याकडं पाऊस कोसळला. कांदा चाळीत होता. आम्ही ताडपत्री धरून बसलो होतो." आणि खरंच होतं ते. किनारा ओलांडून तेच वादळ ईशान्येला सरकलं आणि संध्याकाळी पाऊस घेऊन नाशिकवर आलं. या दोन म्हाताऱ्या माणसांनी एकाच दिवशी एकच वादळ दोन टोकांना झेललं होतं.

मग आईनं तिचं सांगितलं. 26 नोव्हेंबर 2023 ची निफाडची गारपीट. गोडी छाटणी होऊन घडांत मणी धरलेले. पाऊण तास गारा पडल्या आणि भावाच्या बागेत पानं, काडी, घड, काही म्हणजे काही राहिलं नाही. त्यासाठी काढलेलं कर्ज मात्र राहिलं. हे सगळं मला ठाऊक होतं. आईला ते कुणाला सांगताना मात्र मी पहिल्यांदा ऐकत होते. नातेवाइकांपुढे ती नेहमी "होतं असं, चालायचंच" म्हणून विषय मिटवते. इथं तिनं सांगितलं की गारा थांबल्यावर ती बागेत गेलीच नाही, दोन दिवस घराच्या पुढच्या दारानंच ये-जा करत राहिली, कारण मागच्या दारातून बाग दिसते. काका म्हणाले, "हो, दार नकोसं होतं."

त्यानंतर दोघं पुन्हा झाडांवर आले. सुपारीला उत्पन्न धरायला पाच-सात वर्षं लागतात, नारळाला त्याहूनही जास्त. आई म्हणाली, आमच्या वेलाला दीड-दोन वर्षांत माल येतो, तुम्ही एवढं कसं थांबता? काका तिला एका पोफळीपाशी घेऊन गेले. वाळलेली विरी नुकतीच गळून खाली पडली होती, आणि ती जिथून सुटली तिथं हिरव्या खोडावर पोय फुटलेली : आखूड, फिकट, दाण्यादाण्याची. वादळानंतर लावलेल्या रोपांतली ही पहिली पोय. काका पंचाहत्तरीचे आहेत. रोपं लावली तेव्हाही सत्तरीला आलेलेच होते. आईनं हात वर करून पोय चाचपली, बागेत पहिला घड चाचपून बघते तशीच. नंतरच्या दिवसांत ती रोज एकदा त्या झाडाखाली जाऊन यायची.

बाकी पाहिलं ते ओघानं पाहिलं. किनाऱ्यावर कुंपण घातलेली जागा आहे, ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंड्यांची. मादी रात्री येऊन वाळूत शंभरेक अंडी घालते आणि परत जाते. कासवमित्र ती अंडी कुंपणात आणून पुन्हा तितक्याच खोल पुरतात. साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं वर येतात. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर हे काम चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं 2002 साली वेळासला सुरू केलं, त्याआधी अंडी सर्रास चोरीला जायची. 2022 मध्ये आंजर्ल्याच्याच एका मादीच्या पाठीवर उपग्रह यंत्र बसवून तिला सावनी नाव दिलं होतं. आम्ही गेलो त्या सकाळी टोपलीखाली वाळू हलली होती. पिल्लं पाण्यात सोडत नाहीत, पाण्यापासून थोडी लांब वाळूवर ठेवतात, म्हणजे ती स्वतः चालत जातात. एक पिल्लू लाटेनं तीनदा मागं फेकलं. आई त्याच्याशी बोलत होती, अगदी वासराशी बोलावं तसं, "जा बाळा, जा."

कड्यावरच्या गणपतीला गेलो. मूळ देऊळ खाली किनाऱ्याला होतं, समुद्र आत आला तेव्हा देव टेकडीवर गेले आणि जाताना खडकावर पाऊल उमटलं, अशी गावाची श्रद्धा आहे. मूर्ती उजव्या सोंडेची. वरून हर्णैच्या बाजूला सुवर्णदुर्ग दिसतो, आंग्र्यांच्या आरमाराचा. जुलै 2025 मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे जे 12 किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यात हा पाण्यातला सुवर्णदुर्ग आहे आणि आमच्या बागलाणातला साल्हेरही आहे. मी ते आईला सांगितलं. तिनं दोन्ही किल्ल्यांना एकच नमस्कार केला.

हर्णैच्या बंदरावर दुपारी माशांचा लिलाव असतो. होड्या जरा आत थांबतात आणि माल आणायला बैलगाड्या पाण्यात घालतात. पापलेट, सुरमई, कोळंबीच्या राशींपाशी केवढा गलका, आईनं तिकडं पाहिलंही नाही. बैल पोटापर्यंत खाऱ्या पाण्यात उभे होते आणि ती त्यांच्या खुरांची काळजी करत होती. शेवटी तिनं एका गाडीवानाला विचारलंच. तो म्हणाला, "मावशी, रोज घरी नेऊन गोड्या पाण्यानं धुतो. नाहीतर कातडं फुटतं." मग तिचं समाधान झालं.

संध्याकाळी ती वाळूवर बसायची. पदर खोचलेला नाही, हातात निवडायला भाजी नाही, कुणाला हाक मारणं नाही. पाणी वर येत येत पायांपर्यंत यायचं, आणि ती पाय मागं घ्यायची नाही. आईला काम न करता बसलेली मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. मी तिच्याशी बोलायला जात नसे. नवऱ्यालाही खुणेनं थांबवायची.

निघायच्या सकाळी काकूंनी आमसुलं, कुळथाचं पीठ आणि थोड्या सोललेल्या सुपाऱ्या बांधून दिल्या. आईनं आणलेले बेदाणे त्यांच्याकडे आधीच संपले होते, आणखी पाठवायचे ठरले. भावाला सवड मिळते ती खरड छाटणी उरकल्यावर, पावसाळ्यात. त्यालाही इथं आणायचं असं आईनं परस्पर ठरवून टाकलं आणि काकांना विचारलं. ते म्हणाले, "पावसात समुद्रात उतरता येणार नाही, होड्याही दोन महिने वर ओढलेल्या असतात. पण पाटात पाणी बघायला या. तोवर पोयीला सुपारी धरली का तेही कळेल."

भावाला जुलैची रजा नको, फक्त फवारणीचं वेळापत्रक बघायला हवं. आईनं ते कालच त्याला फोनवर सांगितलं.