थंडीत आधी गाडीचं ऐकून घ्या

जानेवारीत दिल्लीची सकाळ बरेचदा चार-पाच अंशांवर असते. अशा वेळी गाडी सुरू झाली नाही, की आपण घाबरून पुन्हा पुन्हा किल्ली फिरवत राहतो आणि उरलीसुरली बॅटरीही संपवतो. आमच्याकडे आईला आठवड्यातून दोनदा सकाळी सातला डायलिसिसला न्यावं लागतं. त्यामुळे गाडी रुसली तर कारण चटकन कळायलाच हवं. बॉनेट उघडण्याआधी मी आवाज ऐकते. तुम्हीही ऐकून बघा.

किल्ली फिरवताच 'टिक-टिक-टिक' आवाज येतो आणि डॅशबोर्डचे दिवे मंदावतात? मग बहुधा बॅटरीच थकली आहे. थंडीत बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते आणि इंजिन ऑइल घट्ट होतं. म्हणजे ताकद कमी, काम जास्त. आधी टर्मिनल सैल आहेत का, त्यांवर पांढरट-हिरवट थर साचलाय का, ते पाहा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची चांगली बॅटरी मल्टीमीटरवर साधारण 12.6 व्होल्ट दाखवते. आकडा 12.2 च्या खाली असेल, तर ती निम्म्याहून जास्त रिकामी झाली आहे.

दिवे लख्ख आहेत, पण एकच 'टक' ऐकू येतं? मग स्टार्टर मोटर तपासायला हवी. इंजिन नेहमीसारखं भरभर फिरतंय, पण सुरू होत नाही? तर बॅटरीला दोष देऊ नका. अडचण बहुतेक इंधनात किंवा स्पार्कमध्ये आहे. डिझेल गाडीत ग्लो प्लगचा दिवा विझल्यावरच स्टार्टर मारा. लडाखच्या थंडीत तर डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर तुंबतो. म्हणूनच इंडियन ऑइलने 2019 मध्ये तिथे उणे 33 अंशांपर्यंत प्रवाही राहणारं खास डिझेल आणलं.

एका वेळी पाच-दहा सेकंदच स्टार्टर मारा, मग अर्धा मिनिट थांबा. शेजाऱ्यांच्या गाडीवरून जंप घेताना लाल केबल प्लसपासून प्लसपर्यंत लावा. काळ्या केबलचं एक टोक चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं आपल्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. म्हणजे ठिणगी पडली, तरी ती बॅटरीतून निघणाऱ्या ज्वालाग्राही वायूपासून दूर पडते.

सुरू झालेली गाडी बंद गॅरेजमध्ये तापवत ठेवू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा असतो. आणि बॅटरी तीन-चार वर्षांची झाली असेल, तर दिवाळीनंतर लगेच तपासून घ्या. धुक्यात पहाटे मेकॅनिक शोधण्यापेक्षा ते कितीतरी सोपं आहे.