ओतण्याचा खेळ

दीड ते तीन वर्षांच्या मुलासाठी घरात योजता येणाऱ्या पाण्याच्या खेळांत ओतणे हा सर्वांत साधा आणि तरीही सर्वांत सखोल खेळ होय. रुंद परात, तिच्यात दोन बोटे उंचीचे कोमट पाणी, चोच असलेले लहानसे भांडे आणि दोन वाट्या एवढ्या साहित्यावर तो चालतो. भांड्याला चोच असावी, कारण गोल काठाच्या भांड्यातून हळू ओतलेले पाणी काठाला चिकटून बाहेरच्या अंगाने खाली ओघळते आणि मुलाला आपला हातच चुकला असे वाटते.

ओतताना मुलाला भांडे घट्ट धरावे लागते, मनगट सावकाश वळवावे लागते, धार वाटीत पडते आहे ना हे पाहावे लागते आणि वाटी भरत आली की मनगट पुन्हा सरळ करावे लागते. यांतील शेवटची क्रिया सर्वांत अवघड असते. प्रारंभी मूल केवळ धारेकडे पाहते, त्यामुळे वाटी ओसंडली तरी ते ओततच राहते. पुढे केव्हातरी त्याची नजर धारेवरून वाटीच्या काठाकडे सरकते, आणि डोळ्यांनी टिपलेले हाताने वेळेत अमलात आणण्याची जी क्षमता नेत्र-हस्त समन्वय या नावाने ओळखली जाते, तिची वाढ त्या क्षणी उघड दिसते. मोठ्यांनी ‘सांडेल हं’ असे म्हणत हात पुढे केला, तर नजरेचे हे सरकणे लांबते. सांडणे हा या खेळाचा भाग आहे, आणि सांडलेले फडक्याने टिपून ते पिळणे हा त्याचाच पुढचा खेळ आहे. पिळण्याने बोटांना जे बळ मिळते ते पुढे खडू धरताना आणि गुंडी लावताना उपयोगी पडते.

मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोम येथे पहिले बालगृह सुरू केले. त्यांच्या पद्धतीत ओतणे, पुसणे, धुणे अशा घरगुती कामांना शिक्षणाचे स्थान मिळाले, आणि पाण्याआधी धान्य ओतण्याचा क्रमही तिच्या अनुयायांत रूढ झाला. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा महागड्या साधनांऐवजी परिसरात सहज मिळणाऱ्या वस्तूंवर भर दिला. करवंटी, पळी आणि चहाची गाळणी यांना खेळात मान देताना हा वारसा आठवणे उचित ठरते.

बुटक्या वाटीतले पाणी उंच पेल्यात ओतले की ते ‘जास्त’ झाले असे मूल मानते. भांड्याचा आकार बदलला तरी आतले प्रमाण तेवढेच राहते ही जाण, जाँ पियाजे यांच्या मांडणीनुसार, साधारणपणे सहा-सात वर्षांच्या सुमारास येते. म्हणून दोन वर्षांच्या मुलाची ही समजूत दुरुस्त करण्याचा खटाटोप व्यर्थ आहे. त्याला पुन्हा पुन्हा ओतू द्यावे, एवढेच पुरे.

तरंगणे-बुडणे हा खेळही परातीत रंगतो. सफरचंद तरंगते, बटाटा बुडतो. पण सर्वांत बोलकी असते ती स्टीलची वाटी, जी सरळ ठेवली तर तरंगते आणि कलंडून पाण्याने भरली की तळ गाठते. पाणी वस्तूला जे वर ढकलते त्या प्लावक बलाचे नाव येथे उच्चारण्याचे कारण नाही. कोरड्या शहाबादी फरशीवर ओल्या कुंच्याने रेघा ओढणे हा आणखी एक खेळ. ओली फरशी गडद होते, वाळताच रेघ नाहीशी होते.

ज्या घरांत नळाला दिवसाआड पाणी येते, तेथे हे खेळ उधळपट्टीचे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र दोन-तीन लिटर पाणी पुरते आणि खेळानंतर ते कुंड्यांना घालता येते.

सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र तडजोड नाही. लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असते, त्यामुळे बादलीत डोकावताना तोल गेल्यास ते डोक्यावर पडते आणि स्वतःला वर उचलू शकत नाही. थोड्या पाण्यातही, आणि बहुधा आवाज न होता, मूल बुडू शकते. मोठ्या माणसाने हाताच्या अंतरावर बसावे आणि फोन किंवा दार वाजले तर मुलाला सोबत घेऊनच उठावे. तोंडात मावतील अशा वस्तू परातीत ठेवू नयेत. खेळ संपताच परात रिकामी करावी, न्हाणीघरातील बादली पालथी घालावी, आणि साठवणीच्या पिंपांवर मुलाला उघडता येणार नाही असे घट्ट झाकण बसले आहे याची रोज खात्री करावी.