पातेऱ्यातली

फाल्गुन सरत आला की पोलादपूरकडच्या उतारांवर ऐन-किंजळीची पानं इतकी साचतात की पायवाटाही बुजून जातात. वरचा थर उन्हाने कुरकुरीत; पण दाताळ्याने तो ओढला की खालून एक वास येतो, कुजका म्हणवत नाही, गोडही म्हणवत नाही, गेल्या पावसाळ्याचा ओलावा कुठेतरी राहून गेलेला असावा तसा, आणि त्या वासासरशी माझं लहानपण आपोआप उलगडत जातं.

आजी राबासाठी पातेरा गोळा करायची, मी टोपली धरायचो. अशाच एका दुपारी ओहोळाकाठच्या दगडाशी पानं हलली आणि बोटभर लांबीची पाल उघडी पडली. तपकिरी अंगावर पिवळसर आडवे पट्टे, प्रत्येक पट्ट्याला लुगड्याच्या काठासारखी काळी किनार. घरातली पाल डोळ्यांदेखत आढ्याला जाते. ही थबकली. पापणी नसलेले डोळे टक्क उघडे. मग सावकाश जीभ काढून तिने एक डोळा पुसला.

"हात नको लावूस रं, इखारी हाय ती."

एवढं बोलून आजीने दाताळ्याच्या दांड्याने तिला हलकेच बांधाकडे सारलं, आणि त्या दगडाभोवतीचा पातेरा उचललाच नाही. भीतीने की मायेने, कोण जाणे!

आल्बर्ट ग्युंथर यांनी १८६४ साली हिचं वर्णन केलं तेव्हा नावात दख्खन घातली. इंग्रजीत आजही ती दख्खनची पट्टेरी पालच. आमच्या लेखी दख्खन म्हणजे आंबेनळी चढून गेल्यावरचा, महाबळेश्वरापलीकडचा मुलूख. ही मात्र घाटाखाली, सावित्रीच्या खोऱ्यातही पानांखाली नांदते. तिची काही तक्रार नसावी. भिंतीला चिकटणाऱ्या गाद्या तिच्या बोटांना नाहीत, नुसती बारीक नखं. त्यामुळे आपल्या बोलण्यावर चुकचुकायला ती घरात येत नाही, आणि शुभाशुभाचं खापरही तिच्या माथी फुटत नाही. भुईवरची, रात्रीची, किड्यांवर जगणारी.

आता राब भाजणारे हात थोडे उरलेत. परवा पुतण्याने महाडहून फोटो धाडला. शेताच्या कडेला तेच पट्टे, तीच किनार. खाली प्रश्न : "काका, विषारी असते का?"

विषाचा थेंबही नसतो तिच्यात, मी लगेच लिहिलं. मग त्या फोटोकडे बराच वेळ बघत बसलो. आजीचं चुकलं होतं, एवढं मात्र मला त्याला लिहवलं नाही.