सारसाचें माहेर

भंडारा शहराची ख्याति पितळेच्या भांड्यांची. परंतु आषाढ-श्रावणांत जो भंडाऱ्याहून लाखनी, साकोलीच्या वाटेनें गेला असेल, त्याच्या मनांत भांड्यांपेक्षां पाणीच अधिक ठसतें. रोवणी चाललेल्या भाताच्या बांध्या, त्यांच्या वरच्या अंगास तलावाची मातीची पाळ, आणि पाळीपलीकडे पुन्हां पाणी, असा देखावा मैलोगणती डोळ्यांपुढून सरत असतो. येथें वर्षाकाठीं ५० इंचांच्या आसपास पाऊस पडतो. पण तो चार महिन्यांत पडून वैनगंगेनें वाहून जावयाचा. तो अडविण्यासाठीं पूर्वजांनीं तलाव बांधले, म्हणून यास ‘तलावांचा जिल्हा’ म्हणतात. १ मे १९९९ रोजीं गोंदिया जिल्हा वेगळा निघाला व नवेगांवबांधासारखे मोठे जलाशय तिकडे गेले, तरी दोहोंकडील भूमीची जात एकच आहे.

या पाण्याचा एक मानकरी पक्षी आहे. संस्कृतांत सरस् म्हणजे तळें. तळ्याशीं ज्याचा संबंध तो सारस. व्युत्पत्तीनेंच पक्ष्याचा पत्ता सांगून ठेवला आहे. उभा राहिला म्हणजे हा सहा फुटांपर्यंत भरतो; उडणाऱ्या पक्ष्यांत याच्याहून उंच दुसरा नाहीं. राखी अंग, तांबडें मस्तक, आणि शेजारीं बहुधा जोडीदार. रामायणाच्या आरंभीं ज्याच्या वधानें वाल्मीकींचें मन द्रवलें, तो क्रौंच म्हणजे सारसच होय, असें कांहीं अभ्यासकांचें मत आहे.

पावसाळा हा सारसाचा विणीचा काळ. तळ्याच्या कांठीं किंवा भाताच्या बांधींत, उथळ पाण्यांत, गवत व लव्हाळे यांचा ढीग रचून जोडपें घरटें करतें. भोंवतालचें पाणी हाच त्याचा खंदक. त्यामुळें कोल्ह्या-कुत्र्यांस तेथवर पोंचणें अवघड जातें. बहुधा दोन अंडीं असतात. नर व मादी आळीपाळीनें सुमारें एक महिना तीं उबवितात. पिलें एक-दोन दिवसांतच आईबापांमागें चालूं लागतात, परंतु उडावयास त्यांस जवळजवळ तीन महिने लागतात. पाणी फार चढलें तर अंडीं बुडतात. आटलें तर खंदक कोरडा पडतो. म्हणून जागा ठरवितांना पाण्याची पारख आधीं.

बाळंतपणासाठीं लेक माहेरीं येते, ही आपल्या घरांतील रीत. प्राण्यांतहि असें माहेर असतें, आणि तें कित्येकदां पाण्याच्या गुणावरून ठरतें. याचें सर्वांत नवलाचें उदाहरण देवमाशाचें. हंपबॅक जातीचे देवमासे उन्हाळाभर ध्रुवांकडील थंड समुद्रांत पोट भरतात, आणि हिंवाळा लागतांच हजारों मैल पोहून उबदार समुद्रांत विण्यास येतात. २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत असें दिसून आलें कीं, हीं स्थळें विषुववृत्तापासून दूर असोत वा जवळ, तेथील पाण्याची उष्णता सुमारें २१ ते २८ अंश सेल्सिअस एवढीच असते. अंटार्क्टिकाकडील कांहीं देवमासे तर या उबेसाठीं विषुववृत्त ओलांडून मध्य अमेरिकेच्या किनाऱ्याला येतात. नवजात पिलाच्या अंगीं चरबी थोडी. उबदार पाण्यांत त्याची शक्ति ऊब राखण्यांत न जातां वाढीच्या कामीं येते, असें याचें एक कारण सांगतात. उत्तर अटलांटिकांतील राइट जातीचे देवमासे तर आज ४०० हूनहि कमी उरले आहेत. त्यांच्या माद्या हिंवाळ्यांत जॉर्जिया-फ्लॉरिडाच्या किनाऱ्यालगत वितात. समुद्र असाच तापत राहिला तर हीं माहेरें पुढें तशींच राहतील काय, ही शास्त्रज्ञांस चिंता आहे.

देवमाशाची मादी पाण्याची ऊब पाहते, सारसाची मादी पाण्याची खोली पाहते. पण दोहोंत एक भेद आहे. समुद्राची ऊब सूर्य व सागरप्रवाह ठरवितात. भंडाऱ्यांतील सारसाचें पाणी मात्र बव्हंशीं माणसानें अडविलेलें आहे. तलाव बांधण्यांत वाकबगार अशा कोहळी समाजानें हीं तळीं उभारलीं. त्यांनीं पाणी अडविलें तें भातासाठीं. सारसाला तें आपसूक लाभलें. १९५० च्या कायद्यानें मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले, आणि गांवानें एकत्र येऊन करावयाची डागडुजी मागें पडत गेली. कित्येक तलावांत गाळ सांचला, कांठावर बेशरमाचें रान माजलें, आणि पक्षी ज्यावर जगत तें देवधान कमी झालें. त्यांत विजेच्या तारा व शेतांतील विषारी औषधें यांची भर पडली.

परिणाम असा कीं, अलीकडील गणनांत भंडारा जिल्ह्यांतील सारस हाताच्या बोटांवर मोजण्याइतके भरले. गोंदियांत ते त्याहून बरे, तरी तेथेंहि तिसांच्या आसपासच. २०२१ सालीं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें आपण होऊन या विषयाची दखल घेतली. गोंदियांतील ‘सेवा’ या संस्थेचे कार्यकर्ते वर्षानुवर्षें घरट्यांवर नजर ठेवीत आले आहेत. परंतु सारस लांबचा प्रवासी नव्हे. येथील पाणी गेलें तर देवमाशाप्रमाणें दूरचा समुद्र शोधणें त्यास साधावयाचें नाहीं. आणि घरटें ज्याच्या बांधींत असेल, त्या शेतकऱ्याच्या मनांत आल्यावांचून न्यायालयाचा हुकूमहि तेथवर पोंचावयाचा नाहीं.

ज्या घरांची शेती अजून या मुलुखांत आहे, त्यांनीं एवढें करावें. बांधींत घरटें दिसलें तर त्याभोंवतालचें चार पावलें भात सोडून द्यावें, तेथें औषध फवारूं नये, मुलांना तें दुरूनच दाखवावें. उन्हाळ्यांत गांवच्या तलावांतील गाळ काढण्याची गोष्ट निघाली कीं, तींत आपलें माणूस पाठवावें. तो गाळ शेतालाच उपयोगीं पडतो, तलावांत पाणी अधिक दिवस टिकतें, आणि त्याच पाण्यांत पुढच्या आषाढांत सारसांची जोडी घरटें मांडूं शकते.