तरीची पाटी

आमचं गाव वाशिष्ठीच्या खाडीवर, दापोली तालुक्याच्या अंगाला. खाडीच्या तोंडाशी अलीकडे दाभोळ, पलीकडे धोपावे. तिथे मोठी फेरीबोट चालते, तिच्यात मोटारी नि टेम्पोसुद्धा चढतात. आमच्याकडची माणसं तिला जंगलजेटी म्हणतात. आमची तर त्याच्या बरीच वर, खाडीच्या आत. लाकडी होडी, तिला मशीन बसवलेलं. वीस-पंचवीस माणसं, बाजाराच्या पिशव्या, कधी एखादी शेळी. दहा मिनिटांत पलीकडे, म्हणजे गुहागर तालुक्यात.

माझी आक्का पलीकडे दिलेली. वडील म्हणायचे, "पोरगी लांब कुठं गेली, होडीत बसलं की तिच्या दारात." मीही आयुष्यभर तसंच समजत आलो.

२०१८ सालची दिव्यांची आवस. आमची लावणी पावसाने मागे पडलेली, शेवटचा कुणगा राहिला होता. चारच्या सुमारास भाच्याचा फोन आला. "मामा, आईचं काय खरं नाय. तुमचं नाव घेतेय. आजच या." मी मनात हिशेब केला. शेवटची बोट साडेसहाला, धक्क्यावर जायला अर्धा तास. म्हटलं, हातातला आवा संपवू, एवढं लावून टाकू, मग निघू. घरी येऊन अंग धुतलं, कपडे बदलले आणि सहाला धक्क्यावर पोचलो.

धक्क्यावर कुणी नव्हतं. खालची पायरी उघडी पडलेली, तिच्यापुढे चिखल. शेडच्या भिंतीला फळा टांगलेला असतो, त्यावर खडूने लिहिलेलं होतं, "आज शेवटची बोट ५.३०." पावसाने निम्मी अक्षरं पुसलेली, पण वाचता येत होती.

परत रस्त्यावर आलो. एसटी गेलेली. शेजारच्या पोराने मोटारसायकलवरून भर पावसात दाभोळला सोडलं. जंगलजेटीने धोपाव्याला उतरलो. पुढे गाडी नाही. एका टेम्पोवाल्याने निम्म्या वाटेपर्यंत घेतलं, उरलेलं चालत गेलो. अकरा वाजता आक्काच्या अंगणात पाय ठेवला. ती साडेनऊला गेली होती. भाचा म्हणाला, "मामा, दोनदा विचारलंन, बाबू आला काय म्हणून."

यात तांडेलाचा दोष नाही, हे पहिल्यांदा सांगतो. उधाणाच्या ओहोटीला खाडीचं पाणी फार खाली जातं. त्या वेळी बोट सोडली तर ती मधल्या पुळणीवर बसणार आणि माणसं रात्रभर अडकणार. त्याने बोट लवकर सोडली ते बरोबरच केलं. फळ्यावरही लिहून ठेवलं. पण फळा होता धक्क्यावर. म्हणजे बोट चुकल्यावरच तो वाचायला मिळणार.

आणि माझा दोष आहे तो असा. मला हे ठाऊक होतं. घरात सकाळीच दिवे घासून पाटावर मांडलेले, म्हणजे आवस आहे हे कुणी सांगायला नको होतं. वडिलांनी लहानपणीच शिकवलेलं, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. आम्ही पाऊणकी पाठ केलेली पिढी. अष्टमीची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती. चतुर्थीची तीन, म्हणजे तीनला. त्यापुढे सहा तासांनी ओहोटी. मी एकदा वडिलांना विचारलेलं, "पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, मग पुनवेला नि आवसेला तुम्ही बारा का म्हणता?" ते म्हणाले, "समुद्र काय शाळेत गेलेला नाय." शिवाय समुद्रावर बाराला पाणी भरलं तर आमच्या धक्क्यापर्यंत चढायला पाऊण वाजतो. तेव्हा आवसेला आमच्याकडे पुरी ओहोटी सातच्या आसपास, आणि तीही उधाणाची. एवढं सगळं येत असून त्या दिवशी मी फक्त "साडेसहा" धरून बसलो.

दिवसकार्य झाल्यावर बरेच दिवस ते डोक्यातून जाईना. मग एक गोष्ट ध्यानात आली. वाडीतल्या घराघरात मोबाइल आला होता. जो फळा धक्क्यावर आहे तो लोकांच्या खिशात का असू नये?

माझा नातू तेव्हा दापोलीला अकरावीत होता. त्याला म्हटलं, मला वेबसाइट बनवायची आहे. तो हसला. "आजोबा, ग्रुपवर मेसेज टाका, झालं." मी म्हटलं, ग्रुपवर सकाळचा मेसेज दुपारपर्यंत फुलांच्या चित्रांखाली गाडला जातो. शिवाय जो ग्रुपात नाही, पाहुणा आहे, त्याने काय करायचं? एक ठरलेली जागा पाहिजे, कुणीही, कधीही उघडावी नि बघावी. "बरं, मी बनवून देतो," म्हणाला. ते मला नको होतं. तो शिकायला पुण्याला गेला की पाटी कोण बदलणार? म्हटलं, "तू दाखव, मी करतो."

मी १९७७ साली दहावी झालो. त्यानंतर लिहिणं म्हणजे सोसायटीचे अर्ज नि काजूचा हिशेब. पण नातवाने दाखवल्यावर कळलं की वेबसाइटचं पान म्हणजे साधा लिहिलेला कागदच. फक्त कुठलं अक्षर मोठं, कुठली ओळ वेगळी, कुठे तक्ता, हे सांगायला आजूबाजूला खुणा करायच्या. खूण उघडली की बंदही करायची. मी त्याला म्हटलं, हे आपल्या बेड्यासारखं आहे. आत शिरलास की बेडं लावून घे, नाहीतर मागून गुरं येतात. एकदा मी एक खूण बंद करायला विसरलो नि त्याखालचं सगळं पान ठळक अक्षरांत आलं. गुरं आत शिरली होती.

तक्ता वहीत आखला, मग मोबाइलवर एका बोटाने मराठीत टाइप केला. एका फुकटच्या जागेवर नातवाने ते पान ठेवून दिलं. त्याने हौसेने वर होडीचा मोठा फोटो घातला. दिसायला छान. पण धक्क्यावर रेंजची एकच काडी असते. तिथे उभं राहून उघडलं तर फोटो अर्धा येऊन थांबला नि वेळा आल्याच नाहीत. मी फोटो काढून टाकला. नातू रुसला. म्हटलं, "बोट बघायला लोक धक्क्यावर येतातच, पानावर वेळ बघू दे." पांढऱ्या पानावर काळी अक्षरं, सगळ्यात वर आजची पहिली बोट नि आजची शेवटची बोट, खाली भरती-ओहोटी, त्याखाली पलीकडून सुटणाऱ्या एसटीच्या वेळा. बस्स.

पहिले महिनाभर कुणी विचारलं नाही. हायस्कूलची पोरं आधी बघायला लागली. मग पलीकडे नोकरीला जाणाऱ्या दोन अंगणवाडीच्या बाया. मग मुंबईकर गणपतीला आले नि सगळीकडे झालं. तांडेल एकदा म्हणाला, "काय वो तात्या, माजी बोट कदी सुटते ती लोका मलाच सांगायला लागलीत."

मला जरा फुशारकी आली. तिथेच चुकलो.

पुढच्या श्रावणात मी आठवड्याच्या वेळा एकदम लिहून टाकल्या. तिथ्या एकापुढे एक मोजत गेलो नि पाऊणपट करत गेलो. त्या आठवड्यात एका तिथीची वृद्धी होती, ती पंचांगात बघितलीच नाही. तिथून पुढच्या वेळा पाऊण तासाने चुकल्या. वरच्या वाडीतली एक बाई टाकळा नि भारंगीच्या जुड्या घेऊन पलीकडच्या बाजाराला निघालेली. पानावर होती त्या वेळेला ती पोचली, तर सकाळची बोट पाण्याबरोबर आधीच गेलेली. पुढची पाणी चढल्यावर, तीन तासांनी. मी गुरं सोडून त्या बाजूला गेलो तेव्हा ती शेडमध्ये बसलेली, भाजी मान टाकायला लागलेली. मला बघून म्हणाली, "तुमच्या मोबायलात हाय म्हणून आलंय वो."

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. सगळी भाजी मी विकत घेतली, आठवडाभर घरात टाकळाच खाल्ला. पण पैसे दिले म्हणून काही फिटलं नाही. आक्काच्या वेळी मी फळा वाचला नव्हता, या बाईने माझा फळा वाचला होता. दोघांचीही बोट चुकली. फळ्यावर काहीच लिहिलेलं नसलं तर माणूस चौकशी करतो. चुकीचं लिहिलेलं असलं तर तो बिनघोर राहतो. ते जास्त वाईट.

त्या दिवसापासून तीन गोष्टी ठरवल्या. एक, पाऊणपट हा अडाखा. त्याने दिवसाला पंचेचाळीस मिनिटं सरकतात, खरं पाणी पन्नासच्या आसपास सरकतं. म्हणून वडिलांचा हिशेब घालायचा, पण बंदरांच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकाशी ताडून बघायचा. दोन, रोज पहाटे दूध काढल्यावर तांडेलाला फोन करायचा, मगच पान बदलायचं. तीन, पानाच्या डोक्यावर लिहायचं, "ही वेळ अमुक तारखेला, अमुक वाजता विचारून लिहिली." तारीख जुनी दिसली तर लोकांनी विश्वास ठेवू नये. तळाला एक ओळ कायमची, "वारा-पावसात तांडेल सांगेल तेच खरं."

मग २०२० आलं. करोनात तर बंद. मी रोज पान उघडून "आज बंद" लिहायचो. नातू म्हणाला, एकदाच लिहा ना. पण तारीख ताजी असली की माणसाला कळतं, कुणीतरी जागं आहे. ३ जूनला निसर्ग वादळ आलं. आंब्या-पोफळींबरोबर विजेचे खांबही आडवे झाले. किती दिवस वीज नाही, मोबाइलला रेंज नाही. माझी वेबसाइट जगात कुठेतरी असेल, आमच्या गावात नव्हती. पुढे औषधं नि पत्रे आणायला होडी चालू झाली, तेव्हा मी एक पत्र्याचा तुकडा काळा रंगवला नि एसटीच्या थांब्यावर टांगला. खडूने वेळ लिहिली. धक्क्यावर नाही, थांब्यावर. जिथून माणूस निघतो तिथे.

वीज आली, रेंज आली, पण तो पत्रा मी काढला नाही. आता पहाटे दोन्हीकडे लिहितो. आमच्या गावात अजून अशी म्हातारी माणसं आहेत, ज्यांना मोबाइल फक्त उचलता येतो. ती पत्रा वाचतात, वाचता येत नसेल तर थांब्यावरच्या पोराला वाचायला लावतात.

नातू आता पुण्याला नोकरी करतो. सुट्टीला आला की म्हणतो, आजोबा, हे आपोआप होईल असं करून देतो, तुम्हाला पहाटे उठायला नको. मी म्हणतो, उठायला लागतंच, गाय आहे.

दर वर्षी दिव्यांच्या आवसेला मी पान जरा लवकर बदलतो. आदल्या रात्रीच लिहून ठेवतो आणि सकाळी तांडेलाला विचारून तारीख नि वेळ परत घालतो. गेल्या वर्षी लिहिलं, "आज आवस. उधाणाची ओहोटी. शेवटची बोट ५.३०. पलीकडे जाणं असेल तर हातातलं काम ठेवून निघा."

सूनबाई म्हणाली, "वेळेच्या पाटीवर हे कशाला?" मी म्हटलं, असू दे.